तंजावरचे सरफोजी महाराज
एका लहानशा तसबिरीमागील चरित्र

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या देशांतील राजेरजवाड्यांच्या दरबारीं लहान लहान तसबिरी काढून घेण्याची मोठी चाल होती. तळहातावर मावेल एवढीच ती तसबीर असे. हस्तिदंताचा कागदासारखा पातळ पापुद्रा काढून, तो घासून गुळगुळीत करून व उन्हांत ठेवून अधिक पांढरा करून, त्यावर गोंदांत कालविलेल्या रंगांनीं चितारी अति बारीक कुंचल्यानें ठिपक्याशेजारीं ठिपका देत चेहरा उमटवीत असे. ही रीत युरोपांतून आली. जॉन स्मार्ट नांवाचा एक इंग्रज चितारी इ. स. १७८५ पासून १७९५ पर्यंत मद्रासेस राहून अर्काटच्या नबाबाच्या व इतर थोर लोकांच्या अशा तसबिरी काढीत होता; पुढें आमच्या चिताऱ्यांनींही ती कला हस्तगत केली. कोणी हस्तिदंतावर, कोणी कागदावर, कोणी अभ्रकावर चित्रें काढूं लागले.

तंजावरचे मराठे राजे सरफोजी महाराज, ज्यांस दुसरे सरफोजी असें म्हणतात, त्यांचींही चित्रें त्या काळीं तंजावरच्या चिताऱ्यांनीं काढलीं. डोक्यावर रत्नांनीं मढविलेलें पागोटें, गळ्यांत मोत्यांच्या माळा, अंगांत उंची वस्त्र, अशा थाटाचें तें रूप पाहून खेड्यांतील साध्या मनुष्यास वाटेल कीं, केवढा हा ऐश्वर्यवान् राजा! परंतु वाचकहो, ज्या वर्षांत हीं चित्रें निघालीं, त्या वर्षांत ह्या राजाच्या हातीं राज्य म्हणावें असें फारच थोडें राहिलें होतें. फौज नव्हती, वसूल नव्हता, न्यायनिवाडा नव्हता. एक किल्ला, एक वाडा व वर्षाकाठची नेमणूक एवढेंच उरलें होतें. मग आज दोनशें वर्षांनंतरही त्यांचें नांव लोक आदरानें कां घेतात? ज्यांनीं मोठमोठीं राज्यें केलीं त्यांतले कित्येक विस्मृत झाले, आणि हा राज्य नसलेला राजा स्मरणांत राहिला, याचें कारण त्या तसबिरींत सांपडत नाहीं. तें त्यांच्या चरित्रांत शोधिलें पाहिजे.

कावेरीकांठचें मराठी राज्य

आम्हां खानदेशांतील लोकांस तंजावर फार दूर. तेथील शेतकऱ्यांची भाषा तामिळ, तेथील पीक भाताचें, आणि तेथील नदी तापी नव्हे तर कावेरी. तरी शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं इ. स. १६७६ च्या सुमारास तेथें राज्य स्थापिलें, आणि तेव्हांपासून तेथील दरबारांत मराठी भाषा व मोडी लिपि चालूं लागली. पुढें पावणेदोनशें वर्षें ती चालली.

व्यंकोजींच्या वंशांतील राजे तुळजाजी यांच्या काळीं ह्या राज्यास उतरती कळा लागली. इ. स. १७७३ सालीं अर्काटच्या नबाबानें इंग्रज कंपनीच्या फौजेच्या साह्यानें तंजावर घेतलें व राजास कैद केलें, इ. स. १७७६ सालीं कंपनीच्या विलायतेंतील चालकांच्या हुकुमानें तें राज्य तुळजाजींस परत मिळालें. परंतु त्यानंतर हैदरअलीच्या स्वारीनें तो सुपीक मुलूख उजाड झाला, दुष्काळ पडला, आणि राजाच्या घरीं तर पोटचें मूल उरलें नाहीं. तेव्हां इ. स. १७८७ च्या जानेवारी महिन्यांत, मरणापूर्वीं थोडेच दिवस, त्यांनीं भोसले कुळांतील एक मुलगा दत्तक घेतला. तो मुलगा इ. स. १७७७ च्या सप्टेंबरांत जन्मलेला, म्हणजे नऊ वर्षांचा होता. तेच सरफोजी.

गुरु आणि शिष्य

ह्या ठिकाणीं दुसऱ्या एका पुरुषाची ओळख करून दिली पाहिजे, कारण त्याच्यावांचून सरफोजींचें चरित्र सांगतां येत नाहीं. ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हे प्रशियांत इ. स. १७२६ सालीं जन्मले, आणि इ. स. १७५० सालीं डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानें चाललेल्या त्रंकेबार येथील मिशनांत आले. पुढें त्यांनीं तिरुचिरापल्लीस व नंतर तंजावरास सेवा केली. त्यांनीं लग्न केलें नाहीं, आणि ते स्वदेशीं परत गेले नाहींत. तामिळ तर त्यांस येत होतीच, पण दरबारीं बोलतां यावें म्हणून ते मराठीही शिकले. त्यांच्या शब्दाची एवढी किंमत होती कीं, इ. स. १७७९ सालीं कंपनीस हैदरअलीकडे बोलणें लावावयाचें होतें तेव्हां तिनें ह्याच पाद्र्यास श्रीरंगपट्टणास पाठविलें. आणि जुलमास कंटाळून गांवें सोडून गेलेले शेतकरी सरकारच्या वचनावर विश्वास ठेवीनात, ते ह्याच्या वचनावर परत येऊन नांगर धरूं लागले.

तुळजाजी राजांनीं मरणसमयीं ह्या श्वार्ट्झसाहेबांस बोलावून दत्तक मुलगा त्यांच्या हातीं दिला व त्याचा सांभाळ करा अशी विनंति केली. श्वार्ट्झांनीं विचार केला कीं, परदेशी धर्मोपदेशकानें राजपुत्राचा व राज्याचा कारभार हातीं घेणें योग्य नाहीं. म्हणून त्यांनीं राजाचा सावत्र भाऊ अमरसिंग यानें मुलाचा सांभाळ करावा असा सल्ला दिला. हेतु निर्मळ होता. परंतु परिणाम वाईट झाला. तुळजाजी वारतांच दत्तविधान सशास्त्र आहे किंवा नाहीं असा वाद निघाला, कंपनीनें पंडितांचें मत विचारिलें, पंडितांनीं दत्तक अशास्त्र ठरविलें, आणि अमरसिंग स्वतःच गादीवर बसला. ज्याच्या हातीं मूल सांभाळावयास दिलें त्यालाच त्या मुलाचें भय वाटूं लागलें.

मग त्या बालकाचे हाल सुरू झाले. त्याला एका कोंडलेल्या घरांत ठेविलें, मोकळी हवा मिळूं दिली नाहीं, आणि शिकविणारा कोणी त्याच्याकडे जाऊं दिला नाहीं. श्वार्ट्झांस हें कळलें तेव्हां आपल्या सल्ल्यानेंच हें मूल ह्या दशेस आलें ह्याचा त्यांस कसा चटका बसला असेल, हें ज्यास लेंकरें आहेत त्यास सांगावयास नको. त्यांनीं मद्रासेच्या सरकाराकडे एकसारखीं पत्रें लिहिलीं. शेवटीं इ. स. १७९३ सालीं सरकारनें सरफोजींस व तुळजाजींच्या राण्यांस मद्रासेस नेलें. तेथें गेरिके नांवाच्या दुसऱ्या मिशनरीनें राजपुत्रास शिकविलें. पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा, ज्यास आजवर पुस्तकाला हात लावूं दिला नव्हता, तो भुकेल्यासारखा विद्येवर तुटून पडला. इंग्रजी तर तो इतकी चांगली शिकला कीं, पुढें इंग्रज पाहुणे आश्चर्य करीत. शिवाय युरोपांतील इतर भाषा, गणित, भूगोल, वैद्यक, चित्रकला, सर्वांचा त्यानें अभ्यास केला.

इकडे दत्तकाच्या प्रश्नाचा पुन्हा तपास झाला. पूर्वीचा निर्णय चुकीचा होता असें ठरलें. अमरसिंगास उतरविण्यांत आलें, आणि इ. स. १७९८ च्या जून महिन्यांत सरफोजी गादीवर बसले. परंतु तो दिवस श्वार्ट्झांच्या दृष्टीस पडला नाहीं. ते त्याच वर्षीं १३ फेब्रुवारी रोजीं तंजावर येथें प्रभूमध्यें निजले. सरफोजी येईपर्यंत पेटी झांकिली नव्हती. राजपुत्र आले, गुरूचें मुख पाहून मुलासारखे रडले, आणि आपल्या लोकांत निषिद्ध मानलेली गोष्ट असतांही प्रेताबरोबर कबरेपर्यंत गेले.

राज्य गेलें

गादी मिळाली, परंतु तिची किंमत फार भारी पडली. इ. स. १७९९ च्या आक्टोबर महिन्यांत, लार्ड वेलस्ली गव्हर्नर-जनरल असतांना, नव्या राजाकडून तह करून घेण्यांत आला. त्या तहानें तंजावरच्या सर्व मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व वाडा राहिला, दरवर्षीं एक लाख होनांची नेमणूक ठरली, आणि वसुलाचा पांचवा हिस्सा त्यास मिळावा असें ठरलें. ज्या कंपनीनें त्यास गादी दिली तिनेंच गादीखालची भूमि काढून घेतली.

ह्या गोष्टीवर पडदा टाकूं नये. मिशनरी गुरूनें शिष्याचा न्याय्य हक्क मिळवून देण्यासाठीं ज्या सरकाराचा आश्रय घेतला, त्या सरकारला आपला लाभ साधावयाचा होता. श्वार्ट्झांचा स्वतःचा लोभ मुळींच नव्हता. ते गरीब जगले व गरिबांसाठीं ठेव ठेवून गेले. तरी चांगल्या मनुष्यानें सद्हेतूनें केलेल्या कामाचा उपयोग दुसरा आपल्या हेतूसाठीं करून घेतो, हें जगांत नित्य घडतें, आणि आपल्या मंडळ्यांतील पंचांनीं व उपदेशकांनींही तें ध्यानांत ठेवावें.

बावीस वर्षांचा तरुण, अंगांत राजरक्त, तिजोरींत पैसा, आणि हाताला काम नाहीं. अशा स्थितींत हिंदुस्थानांतील किती राजपुत्र नाचरंगांत व नशेंत बुडाले हें सर्वांस ठाऊक आहे. सरफोजींसही तो मार्ग मोकळा होता, आणि कंपनीनें त्यांस त्याबद्दल दोष दिला नसता. निरुपद्रवी राजा तिला हवाच होता. त्यांनीं दुसरा मार्ग धरिला.

अन्नछत्र व पाठशाळा

तंजावरच्या राजांनीं रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठीं छत्रें बांधलीं होतीं. इ. स. १८०१ सालीं सरफोजींनीं कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून ह्या छत्रांचा कारभार वर्णिला आहे, आणि तीं चालूं ठेवण्याविषयीं कळकळ दाखविली आहे. तेथें ब्राह्मणापासून परय्या जातीच्या मनुष्यापर्यंत सर्व वाटसरूंस अन्न मिळे. ज्यांस शिजविलेलें चालत नसे त्यांस कोरडा शिधा मिळे. मध्यरात्रीं घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल त्यानें यावें, अशी हाक देत. आजाऱ्यांस औषध, अनाथ मुलांस अन्न व शिक्षण, गरोदर बायांची काळजी, लहान मुलांस दूध, आणि वाटेंत मेलेल्या परक्या मनुष्याचा त्याच्या रीतीप्रमाणें अंत्यविधि, एवढें सर्व त्या छत्रांत होत असे. राज्य गेलें तरी हें जाऊं नये एवढीच त्या पत्रांतील काकुळती आहे. इ. स. १८०२ सालीं त्यांनीं ओरत्तनाडु येथें मुक्तांबाळ नांवाचें नवें छत्र बांधिलें, आणि तेथें विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचीही सोय केली.

ह्याच सुमारास आमच्या खानदेशांत काय चाललें होतें? होळकरांच्या फौजांनीं मुलूख लुटला होता, आणि इ. स. १८०३ व १८०४ सालीं घोर दुष्काळ पडून गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. घंटा वाजवून उपाशास बोलावणारा येथें कोणी नव्हता. हें मनांत आणिलें म्हणजे त्या तंजावरच्या घंटेची किंमत कळते.

छापखाना, वैद्यशाळा व ग्रंथालय

सरफोजींनीं आपल्या वाड्यांत इ. स. १८०५ च्या सुमारास देवनागरी टंकांचा छापखाना घातला. त्यांतून इ. स. १८०६ सालीं इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर निघालें. त्याचें नांव बालबोध मुक्तावली, आणि भाषांतर करणारे सख्खण पंडित. मराठींत छापलेल्या अगदीं पहिल्या पुस्तकांत ह्याची गणना होते. दुसरीकडे बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं इ. स. १८०५ सालीं मराठी व्याकरण व मत्तयाचें शुभवर्तमान छापिलें होतें. पाहा, मराठी भाषा छापण्याचा आरंभ महाराष्ट्राबाहेर दोन कोपऱ्यांत झाला: एकीकडे बंगाल्यांत जोड्यांचा धंदा सोडून आलेला मिशनरी, आणि दुसरीकडे तामिळ देशांत राज्य गमावलेला मराठा राजा. आज आपल्या गांवांतील मूल जें मराठी पुस्तक उघडतें, त्याच्या वंशावळींत हीं दोन घराणीं आहेत.

त्यांनीं मुलांसाठीं नव्या विद्यांची शाळा चालविली. स्वतः मराठींत देवेंद्र कुरवंजी नांवाचें गेय नाटक रचिलें. कुरवंजी म्हणजे हात पाहून भविष्य सांगणाऱ्या डोंगरी बाईचा खेळ. तामिळ लोकांस तो फार प्रिय. सरफोजींच्या खेळांत मात्र ती बाई नुसतें भविष्य सांगत नाहीं, तर पृथ्वीवरील खंडें, देश, नद्या व शहरें ह्यांची माहिती सांगते. लोकांस जें आवडतें त्याच्या पोटांत घालून उपयोगी ज्ञान द्यावें, ही युक्ति कीर्तनें करणाऱ्या आमच्या बंधूंनीं घेण्यासारखी आहे.

वैद्यकाची त्यांस विशेष गोडी होती. धन्वंतरि महाल नांवाच्या संस्थेंत त्यांनीं देशी वैद्य व युरोपियन औषधविद्या ह्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला, आणि रोग व उपाय ह्यांचे ग्रंथ तामिळ पद्यांत लिहवून घेतले. डोळ्यांच्या रोग्यांकडे ते जातीनें लक्ष देत. मोतीबिंदु व इतर नेत्रविकार असलेल्या सुमारें ४४ रोग्यांच्या नोंदी तंजावरास अजून जपून ठेविल्या आहेत. त्यांत रोग्याची हकीकत, केलेले उपचार व डोळ्यांचीं रंगीत चित्रें आहेत. इ. स. २००० नंतर आजच्या नेत्रवैद्यांनीं त्या नोंदींचा अभ्यास करून त्या प्रसिद्ध केल्या, आणि इतक्या काळजीनें ठेवलेल्या नोंदी पाहून त्यांस नवल वाटलें.

येथें आपण आरंभीं सांगितलेल्या तसबिरीकडे पुन्हा वळूं. त्याच दरबारांत चिताऱ्याच्या त्याच बारीक कुंचल्यानें दोन प्रकारचीं चित्रें निघत होतीं. एकांत राजाच्या पागोट्यावरील मोतीं. दुसऱ्यांत सामान्य रोग्याचा दुखरा, लाल झालेला डोळा. पहिलें चित्र राजाच्या मानासाठीं होतें. दुसरें त्या मनुष्याची दृष्टि परत यावी म्हणून होतें. कोणतें चित्र राजाचें खरें रूप दाखवितें, हें वाचकांनींच ठरवावें.

परंतु त्यांची सर्वांत टिकाऊ करणी म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. तें मूळ पूर्वींच्या राजांचें. सरफोजींनीं तें अतिशय वाढविलें. इ. स. १८२० पासून १८२२ पर्यंत ते सुमारें तीन हजार लोक बरोबर घेऊन काशीयात्रेस गेले, आणि तेथून हस्तलिखित ग्रंथांचा मोठा संग्रह करून आणिला. युरोपांतून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व लॅटिन भाषांतील सुमारें साडेचार हजार पुस्तकें मागविलीं, आणि त्यांतील पुष्कळांवर त्यांची इंग्रजी सही आहे. इ. स. १९१८ सालीं हें ग्रंथालय सर्व लोकांस खुलें झालें. आज त्यांत संस्कृत, तामिळ, मराठी व तेलुगु भाषांतील चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखितें आहेत. आपल्या धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत व समर्थ वाग्देवता मंदिरांत जुन्या पोथ्या व कागद जपले आहेत, ते ज्यांनीं पाहिले असतील त्यांस हें काम किती चिकाटीचें आहे हें कळेल. वाळवी, ओल व मनुष्याची बेफिकिरी ह्या तिघांशीं तें युद्ध आहे.

गुरूचें ऋण

गादीवर बसल्यावर सरफोजींनीं गुरूस विसरावें ह्यास पुष्कळ निमित्तें होतीं. दरबारांत त्यांचे स्वधर्मी लोक होते. ख्रिस्ती पाद्र्याचें नांव सारखें घेणें कित्येकांस रुचत नसेल. तथापि इ. स. १८०१ सालीं त्यांनीं लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीस पत्र लिहून श्वार्ट्झांच्या स्मरणार्थ संगमरवरी स्मारक करवून पाठवावें, त्याचा खर्च मी देतों, असें कळविलें. जॉन फ्लॅक्समन नांवाच्या प्रसिद्ध शिल्पकारानें तें घडविलें. त्यांत वृद्ध मिशनरी मृत्युशय्येवर निजले आहेत, आणि तरुण राजा त्यांचा हात हातीं घेऊन उभा आहे, असा देखावा आहे. तें आजही तंजावरच्या किल्ल्यांतील मंदिरांत आहे. गुरूच्या थडग्यावरील दगडावर इंग्रजी कविता कोरली आहे, ती स्वतः सरफोजींनीं रचलेली आहे. हिंदु राजानें ख्रिस्ती पाद्र्यासाठीं परक्या भाषेंत कविता रचावी, असें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण.

स्मारकावरच ते थांबले नाहींत. मिशनच्या कामास त्यांनीं मदत दिली, आणि गुरूच्या स्मरणार्थ पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची व्यवस्था केली. इ. स. १८०६ सालीं क्लॉडियस बुकॅनन नांवाचे पाद्री वाड्यांत भेटीस गेले, तेव्हां राजानें त्यांस प्रथम श्वार्ट्झांच्या तसबिरीजवळ नेलें व गुरूचे गुण वर्णिले. आपल्या पूर्वजांच्या चित्रांच्या दालनांत त्यांनीं ह्या परदेशी म्हाताऱ्याचें चित्र लावलें होतें.

त्याच फ्लॅक्समननें सरफोजींचीही संगमरवरी मूर्ति घडविली. ती वाड्याच्या दरबारखान्यांत उभी आहे. तो शिल्पकार हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं. त्या मूर्तींत राजाच्या डोक्यास निमुळती उंच टोपी आहे व दोन्ही हात जोडलेले आहेत.

ते ख्रिस्ती झाले काय?

हा प्रश्न आमचे वाचक विचारल्यावांचून राहणार नाहींत, आणि त्याचें उत्तर सरळ दिलें पाहिजे. नाहीं, सरफोजी महाराज अखेरपर्यंत हिंदुच राहिले. त्यांनीं बृहदीश्वराच्या देवळाची दुरुस्ती केली, आणि इ. स. १८०३ सालीं त्याच देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठींत कोरविला. एवढा मोठा मराठी शिलालेख दुसरा नाहीं. काशीयात्रा त्यांनीं भक्तीनें केली.

कित्येक उपदेशक भाषणाच्या भरांत अशा थोर पुरुषांस मनांतून आमचेच होते असें म्हणतात. असें म्हणूं नये. जें आपलें नाहीं तें आपलें म्हणणें ही खोटी साक्ष आहे, आणि मेलेला मनुष्य तिचा इन्कार करूं शकत नाहीं. अंतःकरण पाहणारा देव आहे. त्याचें काम आपण हातीं घेऊं नये. श्वार्ट्झांनीं शिष्यास सत्य सांगितलें, परंतु सांभाळाच्या बदल्यांत त्याचा धर्म मागितला नाहीं. आणि शिष्यानें धर्म बदलला नाहीं म्हणून गुरूचें प्रेम आटलें नाहीं, व गुरु परधर्मी म्हणून शिष्याची कृतज्ञता आटली नाहीं. दोघांनींही आपापला धर्म लपविला नाहीं.

त्याच दरबाराशीं वेदनायक शास्त्री नांवाच्या तामिळ ख्रिस्ती कवीचा संबंध होता. ते श्वार्ट्झांच्या हाताखालीं वाढले, आणि बेथलेहेम कुरवंजी हें त्यांचें काव्य तामिळ ख्रिस्ती लोकांत प्रसिद्ध आहे. राजानें त्यांस बृहदीश्वरावर तसेंच काव्य करण्यास सांगितलें असतां त्यांनीं नम्रपणें नाकारलें, असें सांगतात. तरी राजाच्या आश्रयास ते होतेच. मनुष्यें आपल्या विश्वासाविषयीं दृढ असलीं म्हणजे शेजार मोडतो असें नाहीं, हें यावरून दिसतें. आमच्या खेड्यांत पाण्यावरून, मशीदीवरून, देवळावरून व वाड्यावरून तंटे उठतात, तेव्हां ह्याची आठवण व्हावी.

शेवटचे दिवस

इ. स. १८२६ च्या मार्च महिन्यांत कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले. ईस्टरच्या दिवशीं त्यांनीं तेथील मंडळींत उपासना चालविली व नंतर राजाची भेट घेतली. राजाच्या विद्वत्तेनें व सभ्यतेनें ते फार संतुष्ट झाले. राजपुत्र शिवाजी यास आपल्याबरोबर प्रवासास न्यावें व त्यास शिकवावें, अशी बिशपांनीं इच्छा दर्शविली. सरफोजींस स्वतःचें बालपण आठवलें असेलच; परंतु राजपुत्राच्या आईचें मन मुलास दूर धाडण्यास होईना, म्हणून तो बेत राहिला. पुढें आठच दिवसांत, ३ एप्रिल रोजीं, बिशप हेबर तिरुचिरापल्लीस स्नान करितांना एकाएकीं मरण पावले.

सरफोजी महाराज इ. स. १८३२ च्या मार्च महिन्याच्या ७ तारखेस वारले. त्यांच्या प्रेतयात्रेस हजारों लोक लोटले. कंपनीच्या दृष्टीनें ते केवळ पेन्शनदार होते. रस्त्यावर रडणाऱ्या लोकांच्या दृष्टीनें ते राजे होते. त्यांचे पुत्र शिवाजी इ. स. १८५५ सालीं पुत्रावांचून वारले, आणि लार्ड डलहौसीच्या धोरणाप्रमाणें कंपनीनें तंजावरची गादीच खालसा केली. किल्ला, वाडा, नेमणूक, पदवी, तहांत जें जें उरलें होतें तें सर्व गेलें.

आणि राहिलें काय? ग्रंथालय राहिलें. रोग्यांच्या नोंदी राहिल्या. गुरूचें स्मारक राहिलें. कागदावर लिहिलेल्या तहानें जें राखलें तें त्यांच्या मरणानंतर तेवीस वर्षांत गेलें, आणि विद्या, दया व कृतज्ञता ह्यांनीं जें जोडलें तें दोनशें वर्षें टिकलें.

आपल्या जळगांव-धुळ्याकडील मंडळ्यांत तसबीर काढून ठेवावी असा पैसा व असें पागोटें कोणाजवळ फारसें नाहीं. पुष्कळांची जमीन थोडी, कित्येकांची तर गेलेलीच. परंतु जें गेलें त्याचा हिशेब करीत बसावें, कीं जें हातीं आहे त्याचा उपयोग करावा, हा प्रश्न राजापुढें होता तोच सालदारापुढें आहे. एका मुलास अक्षर शिकवितां येतें. मंडळीची जुनी वही वाळवीपासून वांचवितां येते. रात्रीं उशिरा आलेल्या वाटसरूस भाकरी देतां येते. आणि ज्यानें आपणांस पहिलें अक्षर शिकविलें, तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, त्याचें नांव मुलांबाळांपुढें आदरानें घेतां येतें. सरफोजी महाराजांनीं तें संगमरवरांत कोरविलें. आपण तें तोंडानें सांगितलें तरी पुरे.